दहा हात म्हणजे अतिवास्तव नव्हे

‘अतिवास्तववाद आम्हाला काय शिकवता? आमचा नरसिंह पाहा, दशभुजा दुर्गा पाहा!’ चित्रप्रदर्शनात कुणीतरी हे वाक्य टाकतोच आणि बाकीचे माना डोलावतात. अभिमान समजू शकतो. मुद्दा मात्र साफ चुकीचा आहे.

दुर्गेच्या कोणत्या हातात कोणतं आयुध, हे परंपरेनं ठरवून दिलेलं असतं. नागपुरातल्या चितारओळीतून मूर्ती बाहेर पडते तेव्हा ते दहा हात पाहून शेंबडं पोरही दचकत नाही. रूप अद्भुत खरं, पण ओळखीचं. अतिवास्तववादाचं भांडणच या ओळखीशी आहे. माक्स अर्न्स्टचं १९२६ सालचं चित्र घ्या. मेरीनं बाळ येशूला मांडीवर पालथं घातलंय आणि ती त्याच्या उघड्या ढुंगणावर चापट्या मारतेय. तिची प्रभा डोक्यावर शाबूत, पोराची गळून जमिनीवर पडलेली. मागच्या खिडकीशी ब्रेताँ नि एल्युआर हे अतिवास्तववादी कवी आणि खुद्द अर्न्स्ट, असे तीन साक्षीदार. जादा हात एकही नाही. घरोघरी मिळणारा मार, पण देव्हारा हलतो!

नागपुरात याच्या जवळ जाणारं काही असेल तर ते तान्ह्या पोळ्याला रस्त्यावर निघतं. मारबत म्हणजे मिरवून जाळायचा पुतळा; काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. पिवळीला नवस बोलायचे, लेकरांना तिच्या दर्शनाला आणायचं आणि मग ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत तिलाच जाळायचं. सोबतीला बडग्यांचे पुतळे: कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी एखादा पुढारी. देवी आणि पीडा एकाच देहात, शेजारी यंदाची ताजी बातमी.

यावर कुणी म्हणेल, मारबतही दरवर्षीच्या रीतीनंच निघते. कबूल. मिरवणुकीतल्या लोकांना कुणाला दचकवायचं नसतं; ते काम चित्रकाराचं. पण त्यासाठी दुर्गेमागे वाळवंट रंगवून वितळतं घड्याळ टांगणं म्हणजे दालीकडून १९३१ सालचा माल उधार आणणं. याउलट चित्रकार प्रभाकर बरवे वाराणसीत तंत्रातल्या चिन्हांकडे ओढले गेले, पण तिथेच अडकले नाहीत. पुढे साधं पान, साधं घड्याळ त्यांनी असं मांडलं की नेहमीची वस्तू परकी वाटावी. आणि देवाला हात लावाल तर भावना दुखावतील, असं बजावणाऱ्यांना एवढंच विचारावं: नवसाची मारबत जळताना तुम्ही गर्दीत कुठे उभे असता?