तडजोडीची सत्तर वर्षे आणि अटळ युद्ध

'थोडी तडजोड केली असती, तर युद्ध टळले असते', हे वाक्य ऐकायला मोठे शहाणपणाचे वाटते. अमेरिकेतील यादवी युद्धाबद्दल (१८६१-६५) ते वारंवार ऐकवले जाते. विसाव्या शतकातील काही अमेरिकी इतिहासकारांनी तर तसा सिद्धांतच मांडला. उतावळे राजकारणी आणि गुलामगिरीविरोधी प्रचारकांचा अतिरेक यांमुळे हे युद्ध ओढवले, असे त्यांचे म्हणणे. इतिहास मात्र नेमके उलट सांगतो. तडजोडी झाल्या नाहीत, असे नाही; तब्बल सत्तर वर्षे तडजोडींखेरीज दुसरे काही झालेच नाही!

पहिली तडजोड १७८७ च्या राज्यघटनेतच झाली. प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब मान्य झाला. मताधिकार गुलामाला नाही. त्याच्या संख्येचे बळ मात्र मालकाच्या राज्याला! १८२० मध्ये मिसुरीला गुलामगिरीसह प्रवेश देण्याचे ठरले आणि उरलेल्या पश्चिम प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाची सीमारेषा आखली गेली. १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले. त्याच्या मोबदल्यात पळालेल्या गुलामांना पकडण्याचा कठोर कायदा आला. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देण्याचाही अधिकार नाही. आयुक्ताने त्याला मालकाकडे धाडले, तर मेहनताना १० डॉलर. सोडून दिले, तर ५ डॉलर! न्यायाची याहून उघड विटंबना कोणती?

या देवाणघेवाणीतून शांतता तरी लाभली काय? १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती जुनी रेषाच पुसून टाकली आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडू लागले. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, आफ्रिकी वंशाचा मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेले गुलाम १८६० मध्ये ३९ लाखांवर गेले होते. प्रत्येक तडजोडीने दुष्प्रवृत्तीचे पोषणच केले.

डिसेंबर १८६० मध्ये सिनेटर क्रिटेंडन यांनी अखेरचा प्रस्ताव मांडला : रेषा पुन्हा आखावी, ती पश्चिमेकडे पुढे न्यावी आणि हे कलम पुढे कधीही बदलता येऊ नये. लिंकन यांनी गुलामगिरीच्या विस्तारास ठाम नकार दिला. आक्षेपकांना हाच हट्ट वाटतो. वस्तुतः जिथे गुलामगिरी आहे तिथे हात घालणार नाही, असे लिंकन यांनी मार्च १८६१ च्या पहिल्याच अध्यक्षीय भाषणात सांगितले होते. याहून अधिक नमते काय घ्यायचे? पण तोवर सात राज्ये फुटून निघाली होती. त्यांना तडजोड नको होती; गुलामगिरीला शाश्वत मान्यता हवी होती.

सीमा, कर, पाणी यांवर तडजोड करणे हा राज्यकर्त्याचा गुणच होय. परंतु दुसऱ्याच्या देहाची आणि लेकराबाळांची वाटणी करून दोन बलवानांनी हस्तांदोलन करणे, ही तडजोड नव्हे. तो सौदा होय. ज्यांच्या आयुष्याचा निर्णय होत होता, त्या लाखोंपैकी एकालाही कधी चर्चेला बोलावले गेले नाही. सहा लाखांहून अधिक प्राणांचे मोल देऊन राष्ट्राला हे कर्ज फेडावे लागले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. तो मान गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झिजलेल्यांचा होता. रेषा आखणाऱ्यांचा नव्हे.