जखम कुणी धुतली?

गेल्या भाऊबीजेला अकोल्याच्या आमच्या घरी फराळाच्या ताटांभोवती जो वाद पेटला, त्याची धग अजून माझ्या कानशिलांवरून उतरलेली नाही. वाद मिशनऱ्यांवरून. माझा एक भाचा अठरा वर्षे अमेरिकेत आहे. तो सुटीवर आला होता. चकली मोडता मोडता तो म्हणाला, "मामा, मिशनरी म्हणजे शुद्ध व्यापारी. औषधाची गोळी द्यायची आणि धर्म काढून घ्यायचा!" चार जणांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण भरल्या ताटावर बसून दुसऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याइतके सोपे काम जगात दुसरे नाही. मग मात्र घास घशाशी अडला.

आधीच सांगून टाकतो, मी मिशनऱ्यांचे वकीलपत्र घेतलेले नाही. आमचे घर माळकरी. १८९९-१९०० च्या दुष्काळात हा मुलूख होरपळला, तेव्हा आईबाप गेलेली पोरे मिशनांनी पोटाशी धरली हे खरे. पण ती आपल्या धर्मात वाढवली हेही तितकेच खरे. भुकेल्या पोराला भाकरीबरोबर देवही बदलून देणे हा मला अन्याय वाटतो. मायदेशी धाडलेल्या पत्रांतून आमच्या गावांना सरसकट 'अंधार' म्हणण्याची त्यांची खोड तर चीड आणणारी. १९५४ साली तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने (वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रदेशातच होता) डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू, त्या मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे, अशी शिफारस तिने १९५६ च्या अहवालात केली. त्या अहवालावरून आजही भांडणे होतात. होवोत बापडी. माझे भांडण निराळे आहे आणि ते मिशनऱ्यांशी नाही.

वाशीमला चला. १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होते. ऑर्फा स्पायकर नावाची एक तरुण अमेरिकन डॉक्टरीण १९३६ साली हिंदुस्थानात आली आणि १९३८ साली वाशीमला नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. पुढे सुमारे चाळीस वर्षे तिने इथे काढली. चाळीस वर्षे! आपण हा शब्द किती हलक्या जिभेने उच्चारतो! वैशाखातले वाशीम ज्याने भोगले आहे, त्याने क्षणभर डोळे मिटून तो काळ मनाशी आणावा. कंदिलाचा उजेड, बोटीने कित्येक आठवड्यांनी येणारी घरची पत्रे, घरी कुणी आजारी पडल्याचे कळावे तोवर त्या माणसाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले. त्या पिढीच्या मिशनऱ्यांचा दिवस पहाटे बायबल आणि प्रार्थनेने उघडत असे. मग पंडितापुढे बसून मराठीचा धडा, मग रोग्यांची रांग. हिवाळा लागला की बैलगाडीत तंबू टाकून खेड्यांतून फिरायचे. यात चमत्कार काही नाही. रोज तेच, तसेच, पुन्हा.

आणि ती मराठी! 'ळ' जिभेच्या कुठल्या कोपऱ्यातून काढायचा, दार नपुंसकलिंगी आणि खिडकी स्त्रीलिंगी कशी, हे सारे एक वेळ पाठ होईल. पण खरी गाठ पडते ती 'आम्ही' आणि 'आपण' यांपाशी. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द. मराठीत समोरच्याला वगळले की आम्ही, त्याला कवेत घेतले की आपण. पुष्कळ मिशनरी हे व्याकरण शिकले आणि बाजारात उभे राहून 'तुम्ही पापी आहात' हेच सांगत राहिले. 'आपण' त्यांच्या वहीत उतरला, काळजात नाही. रोग्याच्या खाटेपाशी बसून ज्यांनी तो गिरवला, त्यांची गोष्ट निराळी. पण त्यांना हसण्यापूर्वी आपणही विचारावे की गावकुसाबाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या तोंडी दोहोंतला कोणता शब्द येत होता? अमरावतीच्या अंबादेवीचे दार साऱ्यांना उघडावे म्हणून पंजाबराव देशमुखांच्या नेतृत्वाखाली १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तो काही परक्या धर्माच्या लोकांविरुद्ध नव्हता!

भाषेचा विषय निघालाच आहे तर मेळघाटात डोकावू. अमरावती जिल्ह्याच्या त्या डोंगरांत कोरकू राहतात. त्यांच्या बोलीचे व्याकरण जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने लिहिले आणि ते १९०३ साली कलकत्त्याला छापले गेले. ड्रेकचा हेतू शुभवर्तमान सांगण्याचा होता, मान्य. पण कोरकूंच्या झोपडीपुढे बसून त्यांचे क्रियापद कसे चालते हे विचारायला आमच्या पंडितांपैकी किती जण तेव्हा घाट चढून गेले होते? मायबोलीचा अभिमान वाहणारे आम्ही. शेजाऱ्याची मायबोली आम्हाला भाषा वाटली नाही.

"सेवा चांगली, मामा, त्यांची श्रद्धा तेवढी वजा करा," असे भाच्याचे पुढचे म्हणणे. चिवड्यातले दाणे वेचून खावेत तशी ही युक्ती! जी श्रद्धा मला उद्धट वाटते, 'आमचाच मार्ग खरा' म्हणते, तीच त्या मुलीला वाशीमच्या उन्हात चाळीस वर्षे उभी ठेवत होती. दोन्ही एकाच धाग्याची. तो धागा मला पटत नाही, एवढे मी म्हणेन. तो नव्हताच, असे म्हणणे लबाडी ठरेल.

आमचा राग तरी किती प्रामाणिक? वऱ्हाडात काम केलेल्या जेनी फुलर या मिशनरी बाईने १९०० साली हिंदू स्त्रियांच्या दुःखांवर एक इंग्रजी पुस्तक लिहिले. बालविवाह, विधवांचे हाल, मुरळ्या, सारे त्यात आले. प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. परक्या बाईने आमची अब्रू वेशीवर टांगली, असा कांगावा करणे सोपे आहे. पण त्याआधी अठरा वर्षे, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून याहून जळजळीत शब्दांत आम्हाला सुनावले होते. बाई आपली, भाषा आपली, छापखाना पुण्याचा. आम्ही काय केले? पुस्तक विसरलो! १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तोवर त्याची दाद ना फिर्याद. परक्याचे ऐकायचे नाही कारण तो परका. घरच्याचे ऐकायचे नाही कारण... त्याला कारणही लागत नाही.

आता कुष्ठरोग्यांची गोष्ट. अचलपूरजवळ कोठाऱ्याला मिशनचे लोक कुष्ठरोग्यांच्या जखमा धूत होते, तेव्हा त्याच रोग्यांना आमची गावे वेशीबाहेर काढत होती. सेवेसाठी बायबलच लागते असे मुळीच नाही. शेंडगावच्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, तो कुठल्या मिशनच्या पगारावर? डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवन उभारले आणि टाकलेल्या माणसांना घर दिले. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे मेळघाटात बैरागडला जाऊन राहिले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही पेढे वाटले. पेढे वाटण्यात आम्ही कधी मागे नसतो. पण गीता हजारो वर्षांची, ज्ञानेश्वरी सातशेंवर वर्षांची, आणि तपोवन १९४६ चे. एवढा उशीर का झाला, याचा जाब मी गोऱ्या मिशनऱ्याला कोणत्या तोंडाने विचारू? आता तर तो इथे जवळजवळ उरलाच नाही.

हे सारे मी त्या दिवशी एवढ्या सुसंगतपणे बोललो, असे नाही. बोललो ते अर्धे, आणि तेही चढ्या आवाजात. घरात शांतता पसरली. तेव्हा कोपऱ्यात वाती वळत बसलेली माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आईच, मान वर न करता म्हणाली, "काहून रे बाप्पा, अठरा वर्सं झाली ना तुले तिकडं? तुह्या शेजारी जे म्हातारं राह्यते म्हनतोस, त्याले काय दुखते-खुपते, ठावं हाय का तुले?"

भाच्याने तोंड उघडले आणि मिटले. मग त्याने ताटातला शेवटचा अनरसा उचलला, आणि परतीच्या विमानाची वेळ पुन्हा एकदा फोनवर पाहिली.