सल्लागाराची सही विकाऊ नसावी

सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा फार्मसीची पदवी घेतलेली मुले-मुली हल्ली भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात : ‘मॅडम, नोकरी नको, कन्सल्टंट व्हायचंय. कुठला कोर्स करू?’ प्रश्न चुकीचा नाही. औषधे, लसी, वैद्यकीय उपकरणे, वैद्यकीय चाचण्या या क्षेत्रांत सल्लागारांची गरज वाढते आहे आणि पुढेही वाढेल. पण या मुलांना ज्या कामाची ओढ वाटते ते काम नेमके काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, एक लॅपटॉप आणि व्हिजिटिंग कार्ड एवढ्यावर हा व्यवसाय उभा राहत नाही. राहिलाच, तर तो समाजाला महागात पडतो.

आधी माझाच एक अनुभव सांगते. औषध कारखान्यांच्या दर्जा विभागात अठरा वर्षे काढल्यावर मी नोकरी सोडली आणि स्वतंत्र काम सुरू केले. पहिल्या वर्षातच एका छोट्या कारखान्याच्या मालकांचा फोन आला. तपासणी तीन आठवड्यांवर आली होती. मी गेले, कारखाना फिरून पाहिला. लहान मुलांचे पातळ औषध तिथे तयार होत होते. त्यात वापरायच्या द्रावकाची पिंपे गोदामात रांगेने ठेवलेली. पुरवठादाराचे प्रमाणपत्र फायलीत होते, पण पिंप उघडून स्वतः केलेल्या चाचणीची नोंद कुठेच नव्हती. मी विचारले तेव्हा मालक हसून म्हणाले, ‘मॅडम, ते आपण नंतर बघू. आत्ता फायली तेवढ्या बसवून द्या.’ मागच्या तारखांच्या नोंदी लिहून द्यायच्या, असा त्याचा अर्थ. मी नकार दिला आणि ते काम हातचे गेले. त्या महिन्यात दुसरे काम नव्हते. घराचा हप्ता मात्र होता. महिनाभराने कळले, की दुसऱ्या एका ‘कन्सल्टंट’ने त्या फायली बसवून दिल्या.

त्या पिंपांबद्दल मी एवढी का अडून बसले, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे औषधांत चालणारे द्रव. डायएथिलीन ग्लायकॉल हे त्यांच्यासारखेच दिसणारे, चवीला गोडसर, पण विषारी औद्योगिक रसायन. ते पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी होतात. १९३७ साली अमेरिकेत सल्फा औषध याच रसायनात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यातूनच तिथला १९३८ चा औषध कायदा आला. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्याने १४ रुग्णांचा मृत्यू झाला. लेंटिन आयोगाने त्या प्रकरणातली साखळी कडीकडीने उघडी पाडली. तरी २०२२ मध्ये गाम्बियात भारतीय बनावटीच्या सिरपशी संबंध जोडला गेलेले सुमारे ७० बालमृत्यू झाले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक बालके गेली. त्यांतल्या कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या खोकल्याच्या औषधात सुमारे ४८ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का.

नव्वद वर्षांपूर्वीचेच विष, आणि आपल्याकडे पुन्हा होणारी चूक : पिंपावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणे. प्रत्येक पिंपाची ओळख-चाचणी केली असती तर हे थांबले असते. बॅचच्या किमतीपुढे या चाचणीचा खर्च किरकोळ असतो. अशा ठिकाणी सल्लागाराचे काम एका वाक्यात सांगता येते : ही चाचणी झाल्याशिवाय पुढे जायचे नाही, हे मालकाच्या तोंडावर सांगणे. त्यासाठी ज्ञान लागते आणि नको ते काम सोडण्याची तयारीही लागते.

आता या व्यवसायाला एवढी मागणी का आली, ते पाहू. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियमांतले ‘शेड्यूल एम’ नव्याने अधिसूचित केले. कारखाना कसा असावा, यंत्रे कशी असावीत, नोंदी कशा ठेवाव्यात याची ही नियमावली. सुधारित रूपात तिने दर्जाची संपूर्ण व्यवस्था, जोखमीचे मूल्यमापन, उत्पादनाचा वार्षिक दर्जा आढावा, संगणकीय प्रणालींची पडताळणी अशा गोष्टी बंधनकारक केल्या. २५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या कारखान्यांना आधी एक वर्ष आणि नंतर अर्ज केल्यास ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत मिळाली. ती आता संपली आहे. आपल्या राज्यातल्या औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी लहान कारखान्यांकडे हे सगळे समजणारा माणूस पगारावर ठेवण्याची ऐपत नसते. त्यांच्यासाठी महिन्यातून चार दिवस येणारा जाणकार हाच परवडणारा मार्ग आहे. म्हणजे गरज खरी आहे. प्रश्न आहे तो ती कोण भागवणार, याचा.

बाहेरच्या देशांनी या प्रश्नाचा विचार केलेला दिसतो. अमेरिकेच्या औषध-उत्पादन नियमांत सल्लागारांसाठी वेगळे कलमच आहे. ज्या विषयावर सल्ला द्यायचा त्या विषयाचे पुरेसे शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभव सल्लागाराकडे हवा आणि त्याचे नाव, पत्ता, पात्रता, कोणत्या कामासाठी घेतले याची नोंद कंपनीने ठेवली पाहिजे, असे ते सांगते. कंपनीत गंभीर त्रुटी आढळल्या की तिथले नियामक पात्र सल्लागार नेमण्याची शिफारस करतात, पण सोबत बजावतात, की सल्लागार नेमला म्हणून व्यवस्थापनाची जबाबदारी संपत नाही. युरोपात तर प्रत्येक बॅच बाजारात जाण्यापूर्वी कायद्याने ठरवलेल्या पात्र व्यक्तीला ती प्रमाणित करावी लागते. सही कुणाची आणि तिची जबाबदारी कुणाची, हे तिथे स्पष्ट असते. आपल्याकडे मात्र ‘कन्सल्टंट’ हा शब्द कुणीही कार्डावर छापू शकतो.

म्हणून या वाटेवर येऊ पाहणाऱ्यांना माझे सांगणे असे आहे. आधी किमान आठ-दहा वर्षे कारखान्यात, प्रयोगशाळेत किंवा वैद्यकीय चाचण्यांच्या कामात घालवा. रात्रपाळीत यंत्र बंद पडल्यावर नोंदवहीत काय लिहावेसे वाटते आणि काय लिहायला हवे, यातला फरक पुस्तकातून कळत नाही. दुसरे, ‘सगळे करतो’ असे सांगू नका. निर्जंतुक इंजेक्शने, शुद्ध पाण्याची यंत्रणा, औषधांची स्थिरता, विषशास्त्र, दुष्परिणामांची नोंद, चाचण्यांची संख्याशास्त्रीय आखणी, वैद्यकीय उपकरणांचे परवाने यांतला प्रत्येक विषय एका आयुष्याला पुरेल एवढा आहे. एक निवडा आणि त्यात एवढे खोल जा, की अडलेल्या माणसाला तुमचेच नाव आठवावे. तिसरे, लिहायला शिका. सल्लागार शेवटी अहवालच देतो. काय पाहिले, काय चुकले, त्याने रुग्णाला काय धोका, आधी काय दुरुस्त करायचे, हे मालकाला आणि पर्यवेक्षकाला सारखेच समजले पाहिजे.

पैशांविषयीही स्पष्ट असावे. पहिली कामे बहुधा जुन्या सहकाऱ्यांकडूनच येतात आणि पहिली दोन वर्षे उत्पन्न वर-खाली होते, म्हणून सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच नोकरी सोडावी. कामाची व्याप्ती, गोपनीयता आणि दिवसांचा हिशेब करारात लिहून घ्यावा. आणि एक अट कधीही मान्य करू नये : ‘लायसन्स मिळाले तर फी’. फी निकालावर अवलंबून असली की सल्ला निकालाच्या बाजूने झुकतो. माणूस वाईट असतो म्हणून हे होते असे नाही. अशा व्यवहारात चांगल्या माणसाचाही तोल जातो. ज्याने व्यवस्था उभी केली त्यानेच तिचे ऑडिट करू नये, हाही त्याच जातीचा नियम.

यावर लहान उद्योजकांचे म्हणणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात, ‘निविदेत सर्वांत कमी दर देणाऱ्याकडून औषध घेणार आणि आमच्याकडून परदेशी दर्जाची अपेक्षा करणार, हे कसे जमायचे?’ या तक्रारीत तथ्य आहे. पण त्यावर उपाय खोट्या फायलींचा असू शकत नाही. एकाच वसाहतीतल्या पाच-सहा कारखान्यांनी मिळून एक चांगला सल्लागार आणि एक सामाईक चाचणी प्रयोगशाळा ठेवली, तर खर्च वाटला जाईल. उद्योजकांच्या संघटनांनी यात पुढाकार घ्यावा. तपासणी अधिकाऱ्यांनी कारखान्यात गेल्यावर सल्लागाराची पात्रता आणि त्याने दिलेला अहवालही मागावा. त्याने धोका लेखी सांगितला होता का आणि मालकाने त्याचे काय केले, हे दोन्ही तिथेच कळेल. विद्यापीठांनीही जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात नियमन आणि दर्जा हे विषय शेवटच्या सत्राच्या कोपऱ्यातून पुढे आणावेत.

त्या छोट्या कारखान्याच्या मालकांचा दोन वर्षांनी पुन्हा फोन आला. सिरपच्या मृत्यूंच्या बातम्या तेव्हा रोज छापून येत होत्या. या वेळी त्यांनी फायलींचे नाव काढले नाही. ‘मॅडम, पिंपांची चाचणी कशी सुरू करायची, तेवढं सांगा,’ म्हणाले. मी गेले. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी गोदामात उभे राहून एकेक पिंप मोजले आणि प्रत्येकावर ‘चाचणी बाकी’ची पिवळी चिठ्ठी लावली.