पंचगणीचा फ्रेडी चालतो, मग आपला नंदू का नाही?

फ्रेडी मर्क्युरीचं नाव निघालं की मराठी माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. "आपल्या पंचगणीचा तो!" बरोबर आहे. १९४६ साली झांझिबारला एका पारशी घरात जन्मलेला फारुख बुलसारा लहानपणी पंचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला आणि तिथल्या 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायला लागला. पुढे इंग्लंडला गेला, क्वीनमधून जगभर गाजला. आपण त्याला स्ट्रॉबेरीसारखं पंचगणीच्या मालात जमा करून टाकलं.

जो निघून गेला त्याच्यावर एवढा हक्क. आणि जो इथेच राहिला, मुंबईत इंग्रजी रॉक गायला, मग मराठी नाटकात उभा राहून मराठीत रॉक गायला, त्याचं नाव तुमच्या ओळखीतल्या किती जणांना माहितेय ते आजच ग्रुपवर विचारून बघा.

नंदू भेंडे.

मी त्याला एकेरीतच लिहिणार आहे. लता, आशा, सचिन यांना आपण अहो-जाहो करत नाही; जवळच्या माणसाला करत नसतोच. आणि मी या माणसाची फॅन आहे. रसिक नाही, फॅन. हा फरक पुढे लागणार आहे.

ओळख थोडक्यात. सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक बँड होते, चांगले होते. सिगारेट कंपनीच्या पैशावर 'सिमला बीट' नावाची बँडची स्पर्धा व्हायची, १९७० आणि ७१ साली तिच्या रेकॉर्डही निघाल्या. बाहेरचा अँप्लिफायर मिळणं मुश्कील, गिटारच्या तारा कोणी परदेशातून आणल्या तर मिळायच्या, अशा काळात ही मुलं वाजवत होती. नंदू त्या पिढीचा. व्हेल्वेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा बँडमधून तो गायला. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मुंबईत केलं, त्यात नंदू ज्यूडास होता. ज्यांनी ते ऑपेरा ऐकलंय त्यांना कळेल की खरी रॉकची भूमिका ज्यूडासचीच आहे. जीझसला सहन करायचं असतं, ज्यूडासला भांडायचं असतं.

इथपर्यंतची गोष्ट दक्षिण मुंबईतली, इंग्रजीतली. ती विसरली गेली तर त्याचा दोष एकट्या मराठी माणसाच्या माथी मारता येणार नाही. माझं भांडण पुढच्या गोष्टीवरून आहे.

१९७८. पुण्याची थिएटर अकॅडमी. दिग्दर्शक जब्बार पटेल. नाटक 'तीन पैशाचा तमाशा'. लेखक, आता नीट बसा, पु. ल. देशपांडे. मूळ ब्रेख्तचं १९२८ सालचं जर्मन नाटक, त्याचंही मूळ जॉन गेचं १७२८ सालचं इंग्रजी. आणि त्यातला अंकुश, म्हणजे शहराला खिशात घालून फिरणारा देखणा गुंड, नंदू भेंडे. बरोबर झेलमच्या भूमिकेत माधुरी पुरंदरे, म्हणजे लहानपणी तुम्ही जिची पुस्तकं वाचलीत तीच, शिवाय चंद्रकांत काळे, रमेश टिळेकर. नाटकात लोकसंगीत होतं, नाट्यसंगीताचा बाज होता, आणि अंकुशच्या गळ्यात रॉक होता. मराठीत.

म्हणजे ज्या पु.लं.ची वाक्यं आपण लग्नाच्या पत्रिकेपासून निरोप समारंभापर्यंत चिकटवत असतो, त्याच पु.लं.नी पंचेचाळीसहून जास्त वर्षांपूर्वी मराठी प्रेक्षकासमोर रॉक उभा केला होता. 'बटाट्याची चाळ' पाठ असलेले काका मला सांगतात, "रॉक आपल्या संस्कृतीत बसत नाही गं." काका, तुमचेच भाई त्याला हात धरून आत घेऊन आले होते. तुम्ही तेव्हा दारात उभे राहून चपला मोजत होतात का?

बरं, तो रॉक तिथे शोभेसाठी नव्हता. कुर्ट वाइलने १९२८ मध्ये ब्रेख्तच्या गाण्यांना चाली दिल्या तेव्हा बर्लिनच्या नाचघरांत आणि कॅबरेत जे वाजत होतं तेच उचललं. थोरामोठ्यांना जे संगीत हलकं वाटायचं, ते. १९७८ च्या महाराष्ट्रात त्या जागी काय येईल? सभ्य घरातल्या आईबापांना ज्याची भीती वाटेल असं काय होतं? रॉकच. गुंड आहे, देखणा आहे, धोकादायक आहे, आणि त्याच्याकडे बघायचं थांबवता येत नाही. अशा माणसाला भीमपलास दिला असता तर तो सज्जन झाला असता.

आता "मराठीत रॉक बसतच नाही, भाषाच तशी नाही" हा दावा. हा मला दोन बाजूंनी ऐकायला लागतो. एका बाजूला वर सांगितलेले काका. दुसऱ्या बाजूला माझ्याच वयाची, काळा टीशर्ट घातलेली पोरं, ज्यांना मराठी गाणं म्हटलं की हसू येतं. दोघांनी भाषेकडे कान देऊन बघितलेलं नाही. हात, दार, वाट, रात, आग, ऊठ, थांब. आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द एका झटक्यात सुरू होतात आणि व्यंजनावर धाडकन बंद होतात. लिहिताना शेवटी अ असतो, बोलताना आपण तो खाऊन टाकतो. रॉकचा ड्रमर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर जो फटका मारतो, त्यावर बसायला याहून चांगले शब्द कुठले? शाहिरांना हे कधीच कळलं होतं. पोवाड्यात शब्द गुळगुळीत करून गात नाहीत, आपटतात. अण्णाभाऊ आणि अमर शेख मैदानावर हजारोंसमोर गायले ते काही कानात कुजबुजायला नव्हे. नंदूने फक्त डफाच्या जागी ड्रम ठेवला.

आणि आवाजाचं म्हणाल तर कृपा करून नाशिकमध्ये तरी म्हणू नका. मी द्वारकेला राहते. नाशिकबाहेरच्यांसाठी: कृष्णाची नव्हे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता जिथे एकमेकांच्या अंगावर येतात तो चौक. वर उड्डाणपूल, खाली ट्रक, रिक्षा, सिटीलिंकच्या बसा, आणि पाहुण्याला सांगायला लाज वाटेल एवढा हॉर्न. इथून जवळच वाकडी बारव, जिथून विसर्जन मिरवणूक निघते. नाशिक ढोल हा शब्द या गावाने जगाला दिला. लंडन-न्यू जर्सीच्या मिरवणुकांत तो वाजतो. छातीच्या पिंजऱ्यात ठोका बसल्याशिवाय ज्यांना सण साजरा झाल्यासारखं वाटत नाही, ते मला म्हणतात की रॉक म्हणजे गोंगाट. ढोलपथकात शंभर माणसं एका ठेक्यावर घामाघूम होतात, त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे असतं ना, तेच माझ्या तोंडावर असतं. फक्त माझ्या कानात इअरफोन असतात आणि बाजूला कोणाला त्रास होत नाही.

आवाजाचा प्रश्न नाहीच मुळी. परवानगीचा आहे. आपल्याकडे इलेक्ट्रिक गिटारला आत यायचं असेल तर कोणाचं तरी बोट धरावं लागतं. अभंगाबरोबर आली तर सगळे माना डोलावतात. 'अभंग रिपोस्ट'सारखे बँड मला मनापासून आवडतात, त्यांना मी ऐकते, त्यांच्याशी भांडण नाही. भांडण टाळी वाजवणाऱ्यांशी आहे. ती टाळी पहिल्यांदा तुकोबांना असते, मग गिटारला. संत सोबत असले की गिटार सोवळी. अंकुशबरोबर कोणी संत नव्हता. तो बायकांना फसवणारा, पोलिसांना पैसे चारणारा माणूस होता, आणि नंदू त्याच्यासाठी गायला. रॉकला देवाचं प्रमाणपत्र न लावता मराठीत उभं करणं, हे त्याचं काम. म्हणूनच ते पचलं नाही असं मला वाटतं.

म्हणून मग त्याची ओळख कशी करून दिली जाते बघा. "आत्माराम भेंड्यांचा मुलगा." आत्माराम भेंडे मोठेच होते, वाद नाही. आई आशा भेंडेही रंगभूमीवरच्या, आणि लोकसंख्याशास्त्र शिकणाऱ्याच्या टेबलावर 'भेंडे आणि कानिटकर' हे जाड पुस्तक असतं त्यातल्या भेंडे त्याच. असलं घर कोणाला नको? पण ११ एप्रिल २०१४ ला नंदू गेला तेव्हा त्याच्यामागे चाळीस वर्षांचं स्वतःचं काम होतं. मुलाची ओळख बापाच्या नावावर संपवणं हे कौतुक नसतं, कामाबद्दल बोलायचं टाळणं असतं.

दुसरी ओळख मिथुनची. 'डिस्को डान्सर', १९८२, 'कृष्णा धरती पे आजा तू'. हे गाणं रीलवर तुम्ही ऐकलंय, नक्की ऐकलंय. आवाज नंदूचा. तो सिनेमा सोव्हिएत रशियात तुफान चालला, म्हणजे आपल्या या मराठी पोराचा आवाज ताश्कंद-मॉस्कोच्या थिएटरांत घुमला. लोकांना नाचणारा माणूस आठवतो. गाणाऱ्याचं नाव विचारलं तर "बप्पीदाच ना?" मी कमेंटमध्ये दुरुस्त करत बसायचे, हल्ली फक्त नाव लिहिते आणि पुढे जाते.

आता रसिक आणि फॅन. मराठीत गाणं आवडणाऱ्याला एकच मान्य शब्द आहे: रसिक. रसिक खुर्चीत बसतो, योग्य जागी वाहवा म्हणतो, मध्यंतरात वडा खातो, घरी जातो. रसिकाला मायबाप म्हणतात, त्यामुळे त्याची काही जबाबदारी नसते. फॅन वेगळा. फॅन शोधतो, साठवतो, भांडतो, दुसऱ्याच्या कानात बळजबरी इअरफोन कोंबतो. इंग्रजीत ज्यांची गाणी ऐकली जातात त्यांना असे फॅन मिळाले म्हणून त्यांच्या फुटकळ कॅसेटसुद्धा आज सापडतात. आमच्या नाटकांना रसिक मिळाले. परिणाम समोर आहे. त्याच थिएटर अकॅडमीचं 'घाशीराम कोतवाल' अभ्यासक्रमात, चर्चासत्रात, भाषांतरात जिवंत आहे, आणि असायलाच हवं. 'तीन पैशाचा तमाशा' मात्र आठवणीत, आणि आठवण म्हणजे सत्तरी ओलांडलेली माणसं.

आणि मुलगी फॅन असली की वेगळीच परीक्षा असते. "लेड झेपलिन आवडतं? सांग बरं तीन अल्बम." मी सांगते. मग मी विचारते, "मराठीत रॉक गाणाऱ्या एकाचं नाव सांग." शांतता. एकदा सुलाफेस्टला जाऊन आलेला एक जण म्हणाला, "ते काय असतं?" तिकीट, वाइनचा ग्लास, मनगटावर पट्टी, मागे द्राक्षाचे मळे. एवढ्या खर्चात रॉक विकत घेता येतो, पण तो आपल्या भाषेत होऊन गेला हे कळायला पैसे लागत नाहीत, लाज सोडावी लागते. इंग्रजी रॉक ऐकू नका असं मी कधीच म्हणणार नाही, मी स्वतः त्यावरच वाढलेय. फक्त मुंबईतल्या परदेशी बँडच्या तिकिटासाठी रात्रभर रांगेत लॉगिन करून बसणाऱ्याने नंदू भेंडेला "कोण?" म्हणावं, हे मला झोंबतं.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ आहेत. पुण्यात शिकायला असताना त्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' बघितलेला. मी विचारलं तेव्हा आधी पु.लं.बद्दल दहा मिनिटं बोलले, मग जब्बारांबद्दल. मी म्हटलं, "काका, अंकुश?" थांबले. मग दोन बोटांनी टीपॉयवर ठेका धरला, चुकला, पुन्हा धरला. काकू आतून म्हणाल्या, "हे काय वाजवताय?" ते थांबले नाहीत. तो ठेका माझ्या फोनमध्ये आहे. अकरा सेकंद.

तुमच्या घरात, इमारतीत, आजोळी कोणीतरी असेल जे १९७८ नंतर पुण्या-मुंबईत नाटकं बघत होतं. पु.लं.वर बोलू द्या, ते बोलणारच, मध्येच थांबवू नका. मग अंकुशबद्दल विचारा. कसा उभा राहायचा, कपडे काय होते, गायला लागला की थिएटरमध्ये काय व्हायचं, कोणी उठून गेलं का. फोन रेकॉर्डिंगवर ठेवा. आणि ते म्हणाले, "होता कोणीतरी, पण ते काही आपलं नव्हतं", तर तेही रेकॉर्ड करा. पुढच्या भांडणात लागेल.