आखाड्यातली कवायत मंगळवारीच घ्या

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या व्यायामशाळेच्या बैठकीत परत तोच वाद झाला. संकटकाळाचा सराव घ्यायचा तर रविवारी सकाळी घ्या, पाहुणे बोलवा, नारळ फोडा, असं अर्ध्या लोकांचं म्हणणं. माझं म्हणणं, मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला घ्या. तेव्हा मल्लखांबावर पोरं लटकलेली असतात, आया बाकावर बसलेल्या असतात आणि सेक्रेटरी हमखास नसतात. बैठकीत पूर्ण बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहितोय. जरा लांबेल.

बारा वर्षांपूर्वी माझे धाकटे काका याच जागेत कोसळले. मला मल्लखांबाची पहिली पकड त्यांनीच शिकवली. त्या दिवशी बैठका मारून ओसरीवर टेकले, घाम पुसला आणि एका कुशीवर कलंडले. आम्ही तिथे वीस-पंचवीस जण होतो. एकाने कांदा आणला, दुसरा तोंडात पाणी घालू लागला, मी तळवे चोळत बसलो. कुणीतरी १०८ ला फोन लावला आणि मराठीत पत्ता सांगितला, "वाड्याच्या मागे, चिंचेपाशी." चिंच पडून तेव्हाच दहा वर्षं झाली होती! पलीकडची मुलगी विचारतेय, "नजीकमां शुं छे?" आणि आमचा माणूस जन्माचा बडोदेकर, पण त्या घटकेला त्याला गुजराती सुचेना. गाडी आली ती पुढच्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी स्कूटरींची रांग. मागच्या फाटकाला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी लग्नाला पुण्याला. शेवटी चादरीत घालून बाहेर नेलं.

काका गेले. ते वाचलेच असते असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनीही म्हटलं नाही. पण त्यांच्या छातीला कुणी हात लावला नाही, हे मी पाहिलंय. पायाशी मीच होतो.

कवायत हा शब्द बडोद्याला नवा नाही. राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी आपल्या भाषेतल्या हुकुमांवर शेकडो मुलांची सांघिक कवायत उभी केली ती इथेच, आणि हाडं बसवण्यातही त्यांचं नाव होतं. आबासाहेब मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले तेही याच गावातून. म्हणजे अंगमेहनत आणि दुखापत, दोन्हींचा विचार करणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. आपण त्यांच्या तसबिरींना हार घालतो आणि फाटकाच्या किल्लीचा विचार करत नाही.

गेल्या वर्षी बऱ्याच विनवण्या करून पहिला सराव घेतला. पालकांना आधी कळवलं होतं की या आठवड्यात कधीतरी होईल. वार सांगितला नाही. सुरुवातीलाच मोठ्याने "हा सराव आहे" म्हणायचं, आणि मध्येच कुणाला खरोखर काही झालं तर "खरं आहे" ओरडायचं, एवढं ठरलं होतं. १०८ ला अर्थातच खरा फोन करायचा नाही, पलीकडची मुलगी म्हणून आमच्या एका वहिनींना बसवलं. जिवंत माणसाची छाती दाबायची नसते, म्हणून गादीची घट्ट गुंडाळी केली.

फजिती झाली, आणि मला ती हवीच होती. ज्या पोराला फोन करायला सांगितलं त्याच्या हाताला मल्लखांबाचं एरंडेल. बोटाचा ठसा काही लागेना, पोरगं रडकुंडीला आलं. कुलूप न उघडताही आणीबाणीचा फोन लावता येतो, हे वीस जणांत एकालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. गुंडाळी कुस्तीच्या हौदात ठेवली होती, तर दाबलं की ती भुसभुशीत मातीत जाई. छाती निदान पाच सेंटिमीटर दबायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि त्यासाठी खाली कडक जमीन लागते. मग नवा प्रश्न आला. मल्लखांबावरून मानेवर पडलेल्या मुलाला तर हलवायचं नाही! श्वास चालू असेल तर डोकं-मान धरून तिथेच ठेवायचं, श्वास नसेल तर छातीला आधी प्राधान्य, हे त्या दिवशी दोनदा घोकून घेतलं. आणि आमचे शंभर जोर काढणारे पैलवान दुसऱ्या मिनिटालाच धापा टाकू लागले. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, ते का, हे तिथे पटलं.

मागचं फाटक उघडायला नऊ मिनिटं लागली. हृदय थांबलेलं असताना कुणी छाती दाबत नसेल, तर शॉक मिळायला होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. नऊ मिनिटांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शॉकचं यंत्र आमच्याकडे नाही. गणपतीच्या रोषणाईत एका वर्षी काटकसर केली तर येईल, पण तो वाद वेगळा, आणि मी आधीच पुष्कळ जणांचा नावडता झालोय.

ज्येष्ठांचा मुख्य आक्षेप अपशकुनाचा. "संध्याकाळच्या वेळी, मारुतीसमोर, मरणाचं नाटक कशाला रे?" असं आमच्या वस्तादांनी विचारलं. त्यांच्यापुढे मी आवाज चढवत नाही. एवढंच म्हटलं, "वस्ताद, काका मारुतीसमोरच पडले होते." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या सरावाला मात्र येऊन बसले, आणि मिनिटाची लय चुकली की काठी आपटत होते.

दुसरा आक्षेप, मुलं घाबरतात. थोडी घाबरली, खरंय. पण तिसऱ्या सरावात अकरा वर्षांच्या एका मुलीने गुजरातीत पत्ता असा खणखणीत सांगितला, आधी रस्ता, मग जवळचं देऊळ, मग मागचं फाटक, की वहिनींना प्रश्न उरला नाही. त्या दिवशी फाटक चार मिनिटांत उघडलं. रविवारच्या समारंभात तिला रांगेत उभं करून टाळ्या वाजवायला लावलं असतं आणि माइक अध्यक्षांनी धरला असता. पण एखाद्या मंगळवारी तिथे तीच असणार आहे, अध्यक्ष नव्हे.

सध्या एक किल्ली मारुतीच्या कोनाड्यात खिळ्याला आणि दुसरी समोरच्या पटेलकाकांच्या दुकानात आहे. पत्ता गुजरातीत लिहून फोनशेजारी चिकटवलाय. गल्लीच्या तोंडाशी स्कूटरी अजून लागतात, त्यात एक माझ्या पुतण्याची असते. पुढचा सराव पावसाच्या आधी आहे, विश्वामित्री चढली की मागची गल्ली बंद होते, तेव्हा कुठून न्यायचं ते बघायचंय. वार विचारू नका, सांगणार नाही.