पायवाटेचे लेखाशीर्ष

बंगळूरच्या दक्षिणेला, कनकपुरा रस्त्यापासून थोडे आत, तुरहळ्ळी नावाचे पाच-सहाशे एकरांचे राखीव वन आहे. घनदाट अरण्य असे त्याला म्हणता येणार नाही. काटेरी झुडपे, निलगिरीची लागवड, मधूनमधून प्रचंड शिळा, आणि चढण संपताच उघडा पडलेला खडक, ज्यावरून शहराच्या इमारती चहूबाजूंनी सरकत आलेल्या दिसतात. निघालो तिथेच परत आणणारी एक पायवाट या टेकडीभोवती आहे. चढ बेताचा आहे. सवय नसलेला माणूसही दीड-दोन तासांत फेरी पुरी करतो. बंगळूरला नेमणुकीवर असताना मी या वाटेवर पुष्कळ चाललो. तिथे मोर दिसले, शिळांवर चढण्याचा सराव करणारी मुले दिसली, सायकली दामटणारे तरुण दिसले, आणि सरपणाचा भारा घेऊन उतरणाऱ्या बायाही दिसल्या. म्हणजे वाट सर्वांची होती. सरकारदप्तरी मात्र ती कोणाचीच नव्हती, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

२०२१ च्या सुरुवातीला वनविभागाने तुरहळ्ळीत वृक्षोद्यान करण्याचे योजले. अशा उद्यानांत सहसा फाटक, तिकीटघर, बांधीव वाटा, बसण्याच्या छत्र्या आणि मुलांची खेळणी असतात. परिसरातील नागरिक विरोधात उभे राहिले. वनाला वनच राहू द्या, त्याची बाग करू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अखेर तत्कालीन वनमंत्री अरविंद लिंबावळी यांनी प्रकल्प पुढे न नेण्याचे आश्वासन दिले. नागरिक जिंकले, आणि ते योग्यच झाले. पण शासनाला असा प्रस्ताव मांडावासा का वाटतो, हा प्रश्न त्या विजयानंतर कोणी विचारल्याचे मला आढळले नाही.

याचे उत्तर वनाधिकाऱ्याच्या वृत्तीत शोधू नये, हिशेबाच्या वह्यांत शोधावे. आपल्या यंत्रणेत पैसा खर्च होतो तो मोजमाप पुस्तिकेत नोंदवता येईल अशा कामावर. कुंपण रनिंग मीटरमध्ये मोजता येते, फरसबंदी चौरस मीटरमध्ये, छत्री नगावर. त्यांचे दर दरसूचीत असतात, उपयोगिता प्रमाणपत्र देता येते, कोनशिला बसवता येते. मातीची पायवाट चांगली राखली याचे मोजमाप कसे करणार? चांगली राखलेली वाट म्हणजे जिथे काहीच झालेले दिसत नाही अशी वाट! माझ्याच एका नेमणुकीत टेकडीवरील जुन्या वाटेच्या दुरुस्तीसाठी मी किरकोळ रक्कम मागितली होती. बैठकीत पहिला प्रश्न आला, "साहेब, यात बांधकाम काय आहे?" बांधकाम नाही म्हटल्यावर ते कलम गळाले. त्याच टेकडीवर सिमेंटच्या पायऱ्यांचा अंदाज याच्या कितीतरी पट रकमेचा होता, आणि त्याला कोणाची हरकत नव्हती.

वास्तविक वाट राखण्याचे शास्त्र फार जुने आणि स्वस्त आहे. वाट उताराला सरळ भिडली की पहिल्याच पावसात तिचा ओघळ होतो. ओघळात पाय ठरत नाही म्हणून लोक कडेने चालतात, कडेचे गवत मरते, पुढच्या वर्षी तिथे दुसरा ओघळ पडतो. तुरहळ्ळीत दोन फुटांची वाट काही ठिकाणी बैलगाडी जाईल इतकी रुंद झालेली मी पाहिली ती अशीच. उपाय एवढाच, की वाट उताराला आडवी घ्यावी, तिला दरीकडे किंचित कल द्यावा, ठरावीक अंतरावर तिरकस दगड रोवून पाणी बाहेर काढावे, आणि आडवाटांवर काट्यांच्या फांद्या टाकाव्यात. रोजगार हमीवर सलग समतल चर खणून घेतलेला आपल्याकडचा कोणताही मुकादम हे काम न शिकवता करील. अमेरिकेतील साडेतीन हजार किलोमीटरची अ‍ॅपलेशियन वाट १९३७ मध्ये पूर्ण झाली. ती आजही मुख्यतः स्वयंसेवक मंडळे कुदळ-फावड्याने राखतात.

वनविभागाची बाजूही मांडली पाहिजे. उन्हाळ्यात एका विडीने डोंगर पेटतो. रविवारनंतर बाटल्या वेचायला माणूस मिळत नाही. अतिक्रमणाची सुरुवात पुष्कळदा निरुपद्रवी वाटेनेच होते. वनरक्षकाजवळ कायद्याचे एकच हत्यार असते, ते म्हणजे अनधिकृत प्रवेशास मनाई. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ तेच सांगते; कर्नाटकचा १९६३ चा स्वतंत्र अधिनियमही त्याच घडणीचा आहे. त्यामुळे सकाळी फिरायला येणारा निवृत्त शिक्षकही कायद्याच्या दृष्टीने घुसखोरच ठरतो. गंमत अशी, की त्याच्या अगोदरचेच कलम २५ वाटांविषयी आहे. राखीव वनातील वाट बंद करायची तर राज्य शासनाची पूर्वमंजुरी हवी आणि सोयीची पर्यायी वाट असली पाहिजे, असे इंग्रजाने लिहून ठेवले. म्हणजे वाट ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे, हे वसाहतीच्या कायद्यालाही ठाऊक होते. खुद्द इंग्लंडने १९४९ च्या कायद्याने काउंटी परिषदांना सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करणे बंधनकारक केले. आपण मनाई तेवढी पाठ केली.

मनाई आणि सिमेंट यांच्या मधला मार्ग शासनाला जमत नाही असेही नाही. जानेवारी २०२४ मध्ये कुमारपर्वतावर गिर्यारोहकांची झुंबड उडाली, तेव्हा कर्नाटक शासनाने ऑनलाइन नोंदणी नसलेली गिरिभ्रमणे थांबवली आणि त्याच वर्षी नवे संकेतस्थळ काढून एका वाटेवर दिवसाला तीनशे माणसांची मर्यादा घातली. एक वीटही न लावता केलेले हे व्यवस्थापन आहे. अर्थात रोज सकाळी सहाला येणाऱ्या शेजाऱ्याला तिकीट काढायला लावणे शहाणपणाचे नाही. शहरालगतच्या वनाला वेगळी पद्धत हवी.

माझी सूचना साधी आहे. वनविभागाच्या कार्य आयोजनेत शहरालगतच्या प्रत्येक राखीव वनातील वाटांची यादी जोडावी. लांबी, रुंदीची कमाल मर्यादा, आणि 'सिमेंट नाही' हा शेरा नोंदवावा. वणव्याच्या महिन्यांत कोणता भाग बंद राहील तेही लिहावे. पावसाळ्यानंतर वनरक्षक आणि स्थानिक मंडळी मिळून पाहणी करतील, आणि दुरुस्तीच्या मजुरीसाठी लहानशी आवर्ती तरतूद असेल. २०२३ च्या दुरुस्तीने वन संवर्धन कायद्यात कार्य आयोजनेतील पर्यावरणीय पर्यटनाच्या सोयींना परवानगीच्या कचाट्यातून सूट मिळाली आहे. ही सूट उपाहारगृहे आणि तंबूंच्या वाट्याला जाण्याआधी वाटांची यादी तयार असलेली बरी.

यावर एक आक्षेप मी जाणून आहे. नोंदलेली वाट उद्या हक्क होईल आणि परवा रस्ता. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील रस्त्याच्या विरोधात एप्रिल २०२३ मध्ये लोक मोर्चाने उतरले होते. ही भीती काल्पनिक नाही. पण नकाशावर रस्त्याची रेघ ओढणाऱ्याला आज टेकडी रिकामी दिसते. तिथे दोन फुटांची वाट आधीच नोंदलेली असली, तर रस्त्याच्या फाईलवर ती वाट मिटवण्याचे कारण कोणाला तरी सहीनिशी लिहावे लागेल.