डबा एकच असू द्या!

मैत्रिणींनो, चॉकलेट स्वस्त झालंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, साखरेच्या गोळ्यांवरचा १२ वरून ५ वर. घरखर्चाला तेवढाच हातभार, त्यामुळे कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण यातून आपल्यापुढे एक साधा प्रश्न उभा राहतो. संक्रांतीच्या संध्याकाळी छोटी डबी घेऊन 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणत दारात येणाऱ्या पोरांना द्यायचं काय? घरचा लाडू की दुकानातली गोळी?

गोळीचं पाकीट सोपं पडतं, हे खरंच. तीळ निवडा, भाजा, पाक जमवा, चटके सोसत लाडू वळा. शेतात, शाळेत, दुकानात दिवस घालवून आलेल्या बाईनं हे कधी करायचं? म्हणून गोळ्या देणारीला नावं ठेवू नयेत.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविनच्या रात्री मुलं सोंगं घेऊन घरोघर फिरतात आणि खाऊ मागतात. तिथं बंद वेष्टनातलीच गोळी देतात, कारण अनोळखी घरात केलेला पदार्थ आईबाप खाऊ देत नाहीत. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही आता हा सण दिसू लागलाय. आपल्या गावात मात्र अजून कुणाच्याही घरचा लाडू मूल बिनधास्त तोंडात टाकतं. हा विश्वास काही विकत मिळत नाही, बायांनो!

आता तब्येतीचं पाहू. गूळ म्हणजे औषध नव्हे, तीही साखरच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा चमचे ठेवली तर तब्येतीला अधिक चांगलं, आणि हे मोठ्या माणसाचं माप आहे. सीबीएसईनं २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे धोके सांगणारे फलक लावायला सांगितले. शाळेत फलक आणि दारोदारी गोळ्या, असं झालं तर पोरानं ऐकायचं कुणाचं?

तिळाचं निराळं आहे. १०० ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, शिवाय लोह आणि चांगलं तेल. एका लाडवानं रक्त वाढणार नाही, पण गोळीत साखर आणि रंगाशिवाय असतं तरी काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. शंभरातली जवळजवळ सत्तर! अशा मुलांच्या हातावर काय ठेवतो, याचा विचार करायलाच हवा.

आणि खरी गोष्ट पुढंच आहे. बचत गटाच्या कामानं घरोघर जाणं होतं, तेव्हा काही घरांत दोन डबे दिसतात. ओळखीच्या मुलांना लाडू-हलवा आणि 'बाकीच्यांना' स्वस्तातल्या गोळ्या. हे बाकीचे कोण?

आमचं बेलापूर प्रवरेकाठचं, उसाच्या पट्ट्यातलं. जवळच हरेगावला इंग्रजी अमदानीत साखर कारखाना उभा राहिला, तर प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं १९५० मध्ये सहकारी कारखाना सुरू झाला. संक्रांत येते ती ऐन गाळपाच्या हंगामात. बीड, पाथर्डीकडची कुटुंबं कोयता घेऊन आलेली असतात, कोप्यांवर राहतात. त्यांच्या पोरांची शाळा सुटते, गावाकडच्या अंगणवाडीचा खाऊही सुटतो. ज्यांच्या आईबापांनी तोडलेल्या उसातून आपल्या घरात साखर येते, त्यांच्यासाठी आपण वेगळा डबा ठेवायचा? मुलांना हा फरक लगेच कळतो. देणाऱ्या घरातल्या मुलांनाही कळतो, आणि ती तेच शिकतात.

मग करायचं काय? लाडू सुपारीएवढा वळा, म्हणजे तेवढ्याच तिळात जास्त मुलं होतात आणि गोडही बेतात राहतं. पाक जमत नसेल तर भाजलेले तीळ, दाण्याचं कूट आणि किसलेला गूळ एकत्र कुटा, झाला तिळगूळ. तीन-चार वर्षांच्या आतल्या लेकरांना कडक हलवा, अख्खे दाणे किंवा गोळी देऊ नका, घशात अडकते. त्यांना हा कुटलेला तिळगूळच बरा. वेळच नसेल तर गावातल्या बचत गटाकडून लाडू घ्या, पैसा गावातल्याच बाईच्या हातात जाईल.

कोप्यांवरची मुलं बहुधा दारापर्यंत येतच नाहीत. तेव्हा गल्लीतल्या चौघीजणींनी मिळून एक डबा तिकडे न्यावा. हळदीकुंकवाच्या वाणावर आपण किती खर्च करतो! त्यातला थोडा इकडे वळवला तर सण काही कमी होणार नाही.

'गोड बोला' म्हणणं सोपं आहे. या संक्रांतीला आधी घरातला दुसरा डबा बंद करूया.